विरजण मागायला लाज कसली?

घरात शिरणाऱ्या प्रत्येक वस्तूची आपण बायका कशी उलटतपासणी घेतो! डाळ कुठल्या दुकानातली, तुपात भेसळ तर नाही ना, साडीचा रंग जाईल का, कुकरची शिट्टी सुटी मिळते का, हे सगळं विचारून झाल्याशिवाय पर्स उघडत नाही. कोथिंबिरीच्या जुडीसाठी भाजीवाल्याशी दहा मिनिटं हुज्जत घालणारी मी काही एकटीच नाही. पण कॉम्प्युटर घरी आला की ही चौकसबुद्धी कुठे जाते कोण जाणे! दुकानदार म्हणतो, "सगळं टाकून दिलंय वहिनी, चालू करा नि वापरा." आता हे 'सगळं' म्हणजे नेमकं काय, ते कुणी बनवलं, त्याचे पैसे त्याला पोचले का, आणि उद्या ते रुसून बसलं तर कुणाच्या दारात जायचं, हे प्रश्न सहसा कुणी विचारत नाही.

मैत्रिणींनो, आज मला ह्या 'सगळं'विषयीच चार शब्द लिहायचे आहेत. मी काही इंजिनिअर नाही. बदलापूरला राहते, आणि पापड-कुरडया, जांभळाचं सरबत नि दिवाळीचा फराळ करणाऱ्या बारा जणींच्या बचतगटाची लिखापढी सांभाळते. तेव्हा मी जे सांगणार आहे ते स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून कळेल असंच असेल.

आमच्या गटाचा कॉम्प्युटर जुना, दुसऱ्याच्या हातून आलेला. एका दुकानदारानं तो 'सर्व प्रोग्रॅमसह' म्हणून दिला. पावतीवरही तसंच लिहून दिलं. सहा वर्षं त्यावर आमचे हिशेब चालले. २०२५ च्या गणपतीनंतर बँकेचा निरोप आला, की कर्जाचं नूतनीकरण हवं असेल तर तीन वर्षांचे हिशेब महिनाअखेरपर्यंत आणून द्या. दिवाळीचं बेसन, तेल, साखर सगळं त्याच कर्जावर भरायचं होतं. आमच्या खजिनदारबाईंनी कॉम्प्युटर लावला, हिशेबाचा प्रोग्रॅम उघडला, तर पडद्यावर एकच ओळ : परवाना वैध नाही. फाईल समोर दिसते आहे, तिच्यात बारा जणींचा पै-पैचा हिशेब आहे, आणि उघडत मात्र नाही! स्वतःच्याच घराला कुणी परक्यानं कुलूप लावावं, तसं झालं.

दुकानदाराकडे गेलो. तो शांतपणे म्हणाला, "कॉपी होती ती. आता नाही चालत. पाचशे द्या, दुसरी टाकतो. नाहीतर नवीन घ्या, हा तसाही भंगारातच जाणार." 'कॉपी' हा शब्द त्या माणसानं सहा वर्षांत पहिल्यांदा उच्चारला. पावती दाखवली तर म्हणाला, "सगळे असंच देतात."

सगळे असंच देतात, ही गोष्ट खरीही असेल. पण शेजारच्या अंगणातली चार फुलं न विचारता तोडली तर आपण मुलांना रागावतो, आणि त्याच घरात शाळेचा प्रकल्प चोरीच्या प्रोग्रॅमवर टाइप होत असतो. एरवी नाकासमोर चालणाऱ्या घरांतली ही गत! शिवाय जाणूनबुजून असा प्रोग्रॅम वापरणं हा कॉपीराइट कायद्याच्या ६३ ब कलमाखाली गुन्हा आहे, ते वेगळंच. पाचशे रुपये देऊन पुन्हा तेच करायचं कुणाच्याच मनाला येईना.

मग गटातल्या एकीनं उल्हासनगरच्या एका वयस्क दुरुस्तीवाल्यांचा पत्ता सांगितला. त्यावर दुसरी हसून म्हणाली, "अगं, उल्हासनगरला? म्हणजे आणखी एक कॉपी!"

हा विनोद आमच्या भागात नवा नाही. 'मेड इन यू.एस.ए.' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, असं आमच्या लहानपणापासून सांगितलं जातं. गंमत म्हणून ठीक आहे, पण त्यामागची हकीगत गमतीची नाही. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून सर्वस्व सोडून आलेल्या माणसांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बराकींत राहायला जागा मिळाली, आणि १९४९ साली त्या छावणीचं उल्हासनगर झालं. आजही तिथे पत्ता सांगताना कॅम्प नंबर सांगतात, एक ते पाच. हाताशी काही नसलेल्या त्या लोकांनी जे दिसेल ते बनवायला शिकून घेतलं, म्हणून फर्निचर म्हणा, कपडे म्हणा, आपण लग्नाच्या खरेदीला तिकडेच धावतो.

तर आम्ही दोघी बदलापूरहून गाडीत बसलो, अंबरनाथ मागे टाकलं, उल्हासनगरला उतरलो. खोकं रिक्षात मांडीवर घेऊन त्या काकांच्या दुकानात गेलो. त्यांनी तासभर बघितलं आणि आधी वाईट बातमी दिली. त्या हिशेबाच्या फाईलची रचना फक्त तो प्रोग्रॅम बनवणाऱ्यालाच ठाऊक, त्यामुळे ती दुसऱ्या कशात उघडणं त्यांच्या हातात नव्हतं. मग चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "भाभीजी, चोरी का माल क्यों रखना? असली चीज मुफ्त में मिलती है. और बनानेवाला खुद बोलता है, बाँटो!"

नकलेसाठी ज्या गावाची थट्टा करायची, त्याच गावात आम्हांला हे ऐकायला मिळालं.

त्यांनी जुनं सगळं पुसून 'लिनक्स मिंट' नावाची प्रणाली टाकली, तिच्याबरोबर 'लिब्रे ऑफिस' आलंच. मजुरीचे तीनशे रुपये घेतले, प्रोग्रॅमचा एक पैसा घेतला नाही. भंगारात जाणारं ते खोकं, अवघ्या ४ जीबी स्मृतीचं, पुन्हा शहाण्यासारखं चालू लागलं. खजिनदारबाईंनी कागदी वह्या जपून ठेवल्या होत्या म्हणून आम्ही वाचलो. आळीपाळीनं अकरा रात्री बसून तीन वर्षांचे हिशेब 'लिब्रे ऑफिस'च्या तक्त्यांत भरले आणि मुदतीच्या दोन दिवस आधी बँकेत दिले. कर्ज मिळालं. मात्र गिऱ्हाइकांचे पत्ते आणि कुणाला तिखट चालतं, कुणाला साखर वर्ज्य, ह्या नोंदी फक्त त्या कुलूपबंद फाईलमध्ये होत्या. त्या गेल्या त्या गेल्याच. अजूनही एखादी जुनी गिऱ्हाईक रस्त्यात भेटली की "यंदा तुमचा फोन नाही आला?" असं विचारते, आणि जीव चुटपुटतो.

ह्या प्रकारानंतर मी जरा खोदून वाचलं. प्रोग्रॅम म्हणजे शेवटी कृतीच असते : आधी हे कर, मग ते, अमुक झालं की तमुक. नेहमीचा विकतचा प्रोग्रॅम हा सीलबंद मसाल्याच्या पाकिटासारखा. आत काय नि किती घातलंय ते सांगणार नाहीत, तुम्ही त्यात फेरफार करायचा नाही आणि शेजारणीला चिमूटभरही द्यायचा नाही. 'मुक्त' प्रोग्रॅमबरोबर मसाला आणि त्याची कृती दोन्ही मिळतात, वर चार परवानग्या. कशासाठीही वापरा, आत काय आहे ते बघा आणि बदला, जसाच्या तसा दुसऱ्याला द्या, किंवा तुमच्या हाताची चव घालून द्या.

आपल्याकडे विरजण असंच फिरतं, नाही का? संध्याकाळी वाटी घेऊन शेजारी जायचं, चमचाभर मागायचं. देणारीचं दही कमी होत नाही आणि घेणारी चोर ठरत नाही. उद्या तिचं नासलं तर ती आपल्याकडे येते.

इंग्रजीत 'फ्री' ह्या शब्दाचा मोठा घोळ होतो म्हणे. फुकटही फ्री आणि स्वतंत्रही फ्री! आपल्या मराठीत 'फुकट' वेगळं नि 'मुक्त' वेगळं. फुकट तर पुष्कळ काही मिळतं. मोबाईलमधले कितीतरी खेळ फुकट असतात, पण त्यांच्या आत काय चाललंय ते बघायची सोय नसते. मुक्त प्रोग्रॅम बहुधा फुकट मिळतो, पण त्याची खरी किंमत त्याच्या उघडेपणात आहे.

ही कल्पना रिचर्ड स्टॉलमन नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी हट्टानं धरून ठेवली. ते एम.आय.टी. ह्या संस्थेच्या प्रयोगशाळेत होते. तिथल्या नव्या छपाईयंत्रात कागद अडकायचा, आणि ते दुरुस्त करायला त्याचा प्रोग्रॅम मागितला तर मिळेना. शेजारधर्मच बंद झाला, असं त्यांना वाटलं. १९८३ साली त्यांनी 'ग्नू' नावाचा प्रकल्प जाहीर केला, १९८५ साली संस्था काढली. पुढे १९९१ मध्ये फिनलंडच्या हेलसिंकी विद्यापीठातल्या एकवीस वर्षांच्या लिनस टोरवाल्ड्सनं आपल्या घरच्या कॉम्प्युटरसाठी प्रणालीचा गाभा लिहिला, तोच लिनक्स. आणि पुढच्याच वर्षी तो ग्नूच्या मुक्त परवान्याखाली सगळ्यांना देऊन टाकला. आज आपल्या हातातल्या प्रत्येक अँड्रॉइड फोनच्या पोटात तोच गाभा आहे. म्हणजे "लिनक्स आपल्याला कुठे जमणार" म्हणणारी बाई रोज सकाळी त्यावरच सुप्रभातचे संदेश पाठवत असते!

घरच्या वापराला लागणारं जवळजवळ सगळं ह्या मुक्त कोठारात सापडतं. अर्ज, पत्रं, हिशेब ह्यांसाठी 'लिब्रे ऑफिस' आहे; 'ओपन ऑफिस' ह्या जुन्या मुक्त प्रोग्रॅमपासून २०१० साली वेगळं काढून स्वयंसेवकांनी ते वाढवलं. इंटरनेटवर फिरायला 'फायरफॉक्स'. लग्नाच्या, मुंजीच्या चित्रफिती बघायला 'व्हीएलसी', तेच ते नारिंगी शंकूचं चिन्ह. पॅरिसच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून ते निघालं आणि २००१ पासून मुक्त झालं. फोटो साफसूफ करायला 'जिंप', लेबलं-पत्रिका आखायला 'इंकस्केप'. ह्यांतले बरेचसे तुमच्या सध्याच्या विंडोजवरही चालतात. त्यासाठी घर बदलावं लागत नाही.

आणि आपल्या मराठीचं काय? आमच्या गटाचे जुने अर्ज ज्या फॉन्टमध्ये होते, तो नसलेल्या कॉम्प्युटरवर उघडले की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसायची. त्या काळचे मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागा उसन्या घेऊन बसत, म्हणून फॉन्ट हरवला की मजकूरही हरवला. 'युनिकोड' ह्या सर्वांसाठी खुल्या पद्धतीत १९९१ पासून देवनागरीला स्वतःची जागा आहे. त्यात लिहिलेलं पत्र बदलापुरात टाइप केलं काय नि बोस्टनला उघडलं काय, मराठीच दिसतं. आमच्या सरबताच्या बाटल्यांवरचं लेबल आता 'बलू' ह्या गुबगुबीत फॉन्टमध्ये आहे, आणि पत्रकं 'मुक्ता'मध्ये. दोन्ही मुंबईच्या 'एक टाइप' ह्या मंडळींनी केलेले, आणि दोन्ही मुक्त परवान्याचे. छापून माल विकला तरी कुणी नोटीस पाठवणार नाही. फायरफॉक्स आणि लिब्रे ऑफिसची यादी, बटणं, सूचनासुद्धा मराठीत करून घेता येतात. ते भाषांतर करणारी माणसं आपल्यातलीच, बहुतेक हौसेनं राबणारी.

"पण शिकवणार कोण?" हा प्रश्न आमच्या गटातही आलाच. आमच्यातल्या काही जणींनी एमएस-सीआयटी केलेलं. त्यांचा हात एका पद्धतीला सरावलेला. त्यांना उत्तर पवईत मिळालं. आयआयटी मुंबईत प्राध्यापक कन्नन मौद्गल्य ह्यांनी 'स्पोकन ट्युटोरियल' नावाचा उपक्रम सुरू केला. साधारण दहा-दहा मिनिटांचे ध्वनिचित्र धडे, त्यांत लिब्रे ऑफिस आहे, लिनक्स आहे, आणि कितीतरी धडे मराठीतून आहेत. पडद्याच्या एका बाजूला धडा लावायचा, दुसऱ्या बाजूला तसंतसं करत जायचं. आमच्या खजिनदारबाई वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी बेरजेचं सूत्र त्यातूनच शिकल्या. एका हातात माउस नि दुसऱ्या हातात लाटणं, असंही दृश्य मी पाहिलं आहे. आणि हे मुलांना जड जातं म्हणाल, तर केरळच्या सरकारी शाळांतली मुलं कित्येक वर्षं मुक्त प्रणालीवरच शिकताहेत.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर तुम्ही म्हणाल, ही बाई नुसते गोडवे गाते. दुसऱ्यानं पाठवलेलं पत्र लिब्रे ऑफिसमध्ये उघडलं तर कधीकधी चौकटी इकडच्या तिकडे सरकतात. आमचा जुना प्रिंटर दोन दिवस रुसला होता. तुमचा हिशेबनीस एखाद्या ठरावीक विकतच्या प्रोग्रॅमवरच अडून बसला असेल, तर तो प्रोग्रॅम रीतसर पैसे मोजून घ्यावा. कष्टानं बनवलेल्या वस्तूचं मोल देण्यात कमीपणा नाही. आणि आमच्या वहिनी म्हणाल्या तसं, "फुकटाचं टिकतं का?" तर ह्यामागे देणग्या आहेत, मोठमोठ्या कंपन्यांनी पगार देऊन ठेवलेली माणसं आहेत, आणि हौसेनं राबणारेही आहेत. एखाद्यानं हात आखडला तरी कृती उघडी असल्यामुळे दुसरा ती पुढे चालवू शकतो. 'लिब्रे ऑफिस' असंच तर जन्माला आलं.

ज्यांना करून बघायचं असेल त्यांनी एकदम उडी मारू नये. आधी आपले सगळे फोटो, कागदपत्रं पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावीत, आणि तो पेनड्राइव्ह कपाटात ठेवावा. मग आहे त्याच विंडोजवर फायरफॉक्स, व्हीएलसी आणि लिब्रे ऑफिस घ्यावं. ते त्या-त्या प्रकल्पाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच उतरवावं. 'मोफत उतरवा' म्हणून डोळे मिचकावणाऱ्या भलत्या जागी जाऊ नये. महिना-दोन महिने हात बसू द्यावा. नंतर वाटलं तर लिनक्स पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहावं. कॉम्प्युटरमधलं काहीही न पुसता ते पाहुण्यासारखं येतं, चार तास राहतं आणि पेनड्राइव्ह काढला की जातं. पटलं तरच कायमचं घरात घ्यावं. ज्यांच्याकडे विंडोज १० आहे त्यांनी हे जरूर बघावं. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा नेहमीचा आधार थांबला आहे, आणि पुढची आवृत्ती जुन्या यंत्रांवर बहुधा बसत नाही. म्हणून काही चांगलं यंत्र भंगारात द्यायला नको.

आणखी एक काळजी, आमच्या अनुभवातून आलेली. महत्त्वाचा मजकूर कुठल्या रूपात साठवता ते बघा. लिब्रे ऑफिसचं स्वतःचं 'ओडीएफ' हे रूप खुलं आहे. त्याची रचना जाहीर आहे, त्यामुळे उद्या कुठल्याही कंपनीनं दुकान बंद केलं तरी तुमची फाईल उघडता येईल. दुसऱ्याला नुसतं वाचायला द्यायचं असेल तर 'पीडीएफ' करून द्या. आणि वर्षातून एकदा हिशेबाची कागदावर प्रत काढून ठेवा. अंबरनाथच्या शिवमंदिरातला शके ९८२ चा, म्हणजे १०६० सालचा शिलालेख आजही वाचता येतो, आणि आमची सहा वर्षांपूर्वीची फाईल मात्र नाही. दगडावर कोरा असं मी म्हणत नाही, पण आपलं लिहिलेलं आपल्यालाच वाचता यावं, एवढी अपेक्षा काही फार नाही.

आमच्या गटात आता एक रीत पडली आहे. जी शिकली तिनं आणखी दोघींना शिकवायचं, आणि मागेल तिला पेनड्राइव्ह भरून द्यायचा. सकाळच्या लोकलमध्ये भाजी निवडता निवडता एकदोघींनी पेनड्राइव्ह मागून नेले. एकीनं दबक्या आवाजात विचारलं, "ताई, चालतं ना असं दिलेलं? कुणाला कळलं तर?" मी मोठ्यांदा म्हटलं, "कळू दे की! तू पण दे कुणाला तरी."

मागच्या आठवड्यात तिनं तिच्या नणंदेला अंबरनाथला दिला, आणि नणंदेच्या मुलानं शाळेतल्या मित्राला. एकदा तुम्हीही घरी करून बघा, आणि पटलं तर शेजारच्या दारावर टकटक करा.